बांधावरची निलगिरी नेमकी कोणती? टोपण, बोंड आणि बी पाहून जात ओळखणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बांधावर लावलेली चाळीसेक निलगिरीची झाडे तोडीला आली आहेत. व्यापारी त्यातल्या काहींना ‘हायब्रीड’ म्हणतो, काहींना ‘कॅमल’. रोपे देणाऱ्याने तर सगळी एकच जात म्हणून दिली होती. दोन झाडांच्या पानांना लिंबाचा वास येतो. पाने पाहून आणि साल पाहून बाकीच्यांचा उलगडा होत नाही. मग ओळखायचे कसे?

पाने आणि साल पाहून उलगडा होत नाही, यात पाहणाऱ्याची चूक नाही. बेळगाव भागात ज्या दोन निलगिऱ्या सर्वांत जास्त लावल्या गेल्या, त्यांच्या मोठ्या झाडांची पाने आणि वरची साल इतकी सारखी असते की जाणकारही नुसत्या खोडाकडे पाहून पैज लावणार नाही. फरक कळीत आहे, बोंडात म्हणजे बी धरणाऱ्या टणक फळात आहे आणि शेवटचा निकाल बियात आहे. 1788 साली या झाडांच्या गटाला ‘युकॅलिप्टस’ हे नाव मिळाले तेच मुळी कळीवरून. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘नीट झाकलेले’. फुलाला सुट्या पाकळ्या नसतात. त्या जुळून कळीवर एक टोपण बनते, आणि फूल उमलताना ते टोपण अख्खे गळून पडते. जमिनीवर पडलेली ती बारीक टोपणे आपण पायाखाली तुडवत जातो. ओळखीचा पहिला पुरावा तोच असतो.

आधी इथे कोण कोण भेटू शकते ते ठरवून घ्या, म्हणजे निम्मे काम हलके होते. ज्याला सगळे ‘हायब्रीड’ किंवा ‘म्हैसूर गम’ म्हणतात ती मुख्यतः टेरेटिकॉर्निस. बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवरच्या जुन्या झाडांचे बी घेऊन ती कर्नाटकभर पसरली. ‘हायब्रीड’ हे नाव जुन्या समजुतीतून चिकटले आहे. त्यात थोडीफार सरमिसळ आहे हे खरे, पण दुकानातल्या हायब्रीड मक्यासारखे हे ठरवून केलेले संकरित वाण नव्हे. दुसरी कॅमाल्डुलेन्सिस, व्यापाऱ्याची ‘कॅमल’. तिसरी लिंबाच्या वासाची सिट्रिओडोरा. चौथी टोरेलियाना; ती शेतात कमी, रस्त्याकडेला आणि आवारांत वारा अडवायला लावलेली जास्त दिसते. याखेरीज कागद कारखान्यांच्या लागवडीमुळे आलेले क्लोन आहेत, म्हणजे एका निवडक झाडाच्या फांद्यांच्या छाटांपासून वाढवलेली रोपे. त्यांच्याकडे नंतर वळू.

ग्लोब्युलस, म्हणजे निलगिरी तेलाच्या बाटलीवर जिचे नाव असते ती, या यादीतून सरळ काढून टाका. ती थंड उंचावरची. तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरांवर तिच्या लागवडी झाल्या आणि मराठीत सगळ्या जातीलाच त्या डोंगराचे नाव पडले. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. तेवढी उंची तिला पुरत नाही. तरी खात्री हवी असेल तर तिची कळी एकेकटी येते, मोठी, खरबरीत आणि पांढरट पावडर धरलेली. बोंड दोन सेंटीमीटरच्या आसपास, त्यावर चार उभे कंगोरे. असे बोंड तुमच्या बांधाखाली सापडणार नाही.

नमुने कसे काढायचे

लागणारे सामान फार नाही: दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, ब्लेड, पांढरी बशी, कागदी पाकिटे, आणि लांब बांबूला बांधलेली आकडी. प्लास्टिकच्या पिशवीत नमुने ठेवू नका, घाम धरून बुरशी येते. प्रत्येक झाडाला खडूने किंवा रंगाने नंबर टाका आणि तोच नंबर पाकिटावर. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि संध्याकाळी पाच पाकिटे समोर ठेवून कुठले कुठल्या झाडाचे यावर घरात वाद सुरू होतो.

नमुना फांदीवरूनच तोडा, खाली पडलेला उचलू नका. झाडे तीन-तीन मीटरवर असली की एकाची बोंडे दुसऱ्याच्या बुंध्याशी पडलेली असतात, उतार असेल तर पावसाने आणखी पुढे वाहून नेलेली. एका झाडावरून निदान दहा पक्व कळ्या, दहा मिटलेली बोंडे आणि मोठ्या फांदीवरची दहा पाने घ्या. एकच कळी मोजून निर्णय देऊ नका. एकाच झुबक्यात लहान-मोठे टोपण असते.

पक्व कळी म्हणजे कोणती? ज्या झुबक्यात एक-दोन कळ्या उमलू लागल्या आहेत त्याच झुबक्यातल्या बाकीच्या कळ्या. त्यांचे टोपण हिरव्याचे पिवळसर होऊ लागलेले असते. कोवळ्या कळीचा आकार फसवतो. टोपण पूर्ण लांब झालेले नसते आणि टेरेटिकॉर्निसची कळीही आखूड दिसते. एका फेरीत पक्व कळ्या मिळाल्या नाहीत तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा जा. बोंडे मात्र बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या फांदीवर असतात.

पहिली चाळणी: वास

पान चुरगळून नाकाशी धरा. सिट्रिओडोराचा वास गवती चहा आणि लिंबाच्या सालीच्या मधला, स्पष्ट आणि तीव्र असतो. तिच्या तेलात सिट्रोनेलाल हा घटक भरपूर असतो म्हणून. टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिसचा वास औषधी, सर्दीच्या मलमासारखा, आणि झाडागणिक कमी-जास्त. त्या दोघींमधला फरक वासावर ठरवू नका. काही जण ‘कॅमलचा वास जास्त उग्र’ असे ठासून सांगतात. एकाच जातीच्या दोन झाडांत त्याहून जास्त फरक सापडेल. एक काळजी घ्या: सिट्रिओडोरा हाताळल्यावर हात पुसून मगच पुढचे झाड तपासा, नाहीतर पुढची तीन झाडे लिंबाचीच वाटतात.

लिंबाचा वास आला की सालीवर हात फिरवा. सिट्रिओडोराचे खोड थेट जमिनीपर्यंत गुळगुळीत असते, पांढरे, गुलाबीसर किंवा करडे, आणि तळव्याला पांढरी पावडर लागते. बुंध्याशी खडबडीत साल नसते. इथे जांभ्याच्या तांबड्या मातीत एक गंमत होते: पावसाचे शिंतोडे उडून खालचा फूट-दोन फूट भाग लालसर मळतो आणि तो खडबडीत सालीसारखा दिसतो. ओल्या फडक्याने पुसा. मळ असेल तर निघून जातो. बांधावरचे गवत जाळल्यामुळे काळा झालेला बुंधाही असाच फसवतो. तिथे नखाने खरवडून पाहावे.

वर्गीकरणात सिट्रिओडोरा आणि टोरेलियाना आता युकॅलिप्टसमध्ये नाहीत; 1995 साली त्यांना ‘कोरिम्बिया’ या वेगळ्या गटात घातले. शेतात याचा उपयोग एवढाच, की त्यांचे बोंड अगदी निराळे. सुरई किंवा लहान मडक्यासारखे, गळ्याशी आवळलेले, आणि दात (बोंडाच्या तोंडाशी उघडणारे टोकदार भाग) आत खोल बुडालेले, बाहेरून दिसतच नाहीत. लांबी एक सेंटीमीटर किंवा त्याहून थोडी जास्त. सिट्रिओडोराच्या कळ्या तीन-तीनच्या गटाने येतात आणि असे अनेक गट मिळून फांदीच्या टोकाला पसरट घोस होतो. टोरेलियानाचे पान रुंद, अंडाकृती, मऊ केसाळ. खालची साल काळपट आणि चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी, आणि तिच्या वर खोड एकदम गुळगुळीत हिरवट. या दोघींचा आपसात संकर सहज होतो. वास लिंबाचा पण फिका, पानावर थोडी लव, बुंध्याशी थोडी खडबडीत साल, असे झाड सापडले तर दोघींचे मिश्रण समजा. शुद्ध सिट्रिओडोरा म्हणून त्याचे बी विकू नका.

खरी अडचण: टेरेटिकॉर्निस की कॅमाल्डुलेन्सिस

आता उरलेली औषधी वासाची झाडे. दोघींच्या कळ्या एका देठावर झुबक्याने येतात, बहुधा सात ते अकरा. टोपणाखालची वाटी दोघींची जवळपास सारखी, दोन-तीन मिलिमीटर उंच. फरक टोपणात.

टेरेटिकॉर्निस या नावाचाच अर्थ ‘गोल शिंग’. टोपण शिंगासारखे, बुडापासून टोकापर्यंत हळूहळू निमुळते, लांबी साधारण 8 ते 13 मिमी. म्हणजे वाटीच्या तिप्पट-चौपट. कळी आडवी धरली तर बैलाच्या लहान शिंगासारखी दिसते, कधी किंचित वाकलेलीही.

कॅमाल्डुलेन्सिसचे टोपण आखूड, साधारण 4 ते 6 मिमी. दक्षिण ऑस्ट्रेलियाकडच्या प्रकारात ते आधी घुमटासारखे गोल होते आणि मग टोकाला एकदम चोच फुटते, पक्ष्याच्या चोचीसारखी. उत्तरेकडच्या एका प्रकारात चोच नसतेच, नुसता बोथट घुमट. पट्टी लावण्याआधी हा आकार डोळ्यांत भरवून घ्या. एकसारखे निमुळते होत जाणारे ते शिंग. घुमटावर चोच किंवा नुसता घुमट म्हणजे कॅमाल्डुलेन्सिस. मिलिमीटर त्यानंतर.

इथेच बहुतेक लोक थांबतात आणि इथेच चूक होते. कॅमाल्डुलेन्सिसचे सात उपप्रकार मानले जातात, आणि ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडमधल्या ‘सिम्युलाटा’ नावाच्या उपप्रकाराचे टोपण लांब शिंगासारखेच असते, थेट टेरेटिकॉर्निसची नक्कल. नावही त्यावरूनच. उत्तर क्वीन्सलंडमधल्या पेटफोर्ड भागातले बी भारतात बरेच वापरले गेले आहे. म्हणून टोपण आखूड आणि चोचीचे असेल तर टेरेटिकॉर्निस नाही, हे खात्रीने म्हणता येते. पण टोपण लांब आहे म्हणून टेरेटिकॉर्निसच, असे उलट म्हणता येत नाही. तिथे बी पाहावेच लागते.

बोंडावर फार वेळ घालवू नका. दोघींचे बोंड अर्धगोल, काठ वर उचललेला आणि चारेक त्रिकोणी दात बाहेर डोकावणारे. कॅमाल्डुलेन्सिसचे साधारण 5 ते 8 मिमी रुंद, टेरेटिकॉर्निसचे 7 ते 10. मधल्या मापाचे बोंड दोघींपैकी कोणाचेही असू शकते. बोंडाचा खरा उपयोग बी काढण्यासाठी आणि ग्रँडिस या आणखी एका निलगिरीला वगळण्यासाठी.

ग्रँडिस केरळच्या आणि निलगिरीच्या ओल्या उंच भागात जास्त. आपल्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यातच तिची शंका घ्यावी. तिचे पान वरून गडद आणि खालून फिके असते. वरच्या दोन्ही जातींत दोन्ही बाजू एकाच रंगाच्या. बुंध्याशी एक-दोन मीटर खडबडीत साल, मोजा घातल्यासारखी, वर एकदम पांढरी गुळगुळीत. बोंड पेरूच्या आकाराचे, त्याचे पातळ दात आतल्या बाजूला वळलेले. झुबक्याचा देठ चपटा. पान उलटून पाहण्याची सवय लावली तर ती सुटत नाही.

बी: शेवटचा निकाल

मिटलेली, तपकिरी पडू लागलेली बोंडे घ्या. ती पानांच्या मागे, फांदीच्या जुन्या भागावर असतात. दात उघडलेली बोंडे निरुपयोगी, बी कधीच उडून गेलेले असते. पाकिटात घालून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, दात उघडतील. मग पांढऱ्या बशीवर झटका.

बशीत दोन प्रकारचे कण पडतील, आणि इथे गोंधळ ठरलेला. बहुसंख्य कण लालसर तपकिरी, हलके, कोनेरी: ते बी नव्हे, फलन न झालेला भुसा. खरे बी त्यात थोडे असते, भुशापेक्षा फुगीर आणि वेगळ्या रंगाचे. शंका वाटली तर ब्लेडने आडवे कापा: आत पांढरा गर दिसला तर बी, आतपर्यंत एकसारखे तपकिरी निघाले तर भुसा. ‘दोन्ही जातींचे बी तांबूसच असते’ असे जे सांगितले जाते ते सहसा भुसा पाहून.

टेरेटिकॉर्निसचे बी काळे किंवा काळपट तपकिरी, किंचित लांबट, कडेला बारीक दाते, कवच एकच. कॅमाल्डुलेन्सिसचे बी पिवळे ते पिवळसर तपकिरी, चौकोनी ठोकळ्यासारखे, दात्यांशिवाय. आणि त्याला दोन कवचे. सुईच्या टोकाने वरचा पिवळा थर खरवडला की आत गडद कवच दिसते. बी एक मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून भिंग हवेच. लांब टोपणाच्या सिम्युलाटाचे बीही कॅमाल्डुलेन्सिससारखे पिवळेच, म्हणून ती नक्कल इथे उघडी पडते.

बियाच्या रंगावर एवढा भरवसा का? कारण कवच हे आईच्या झाडाच्या पेशींपासून बनते. शेजारच्या दुसऱ्या जातीचा परागकण येऊन आतला गर्भ संकरित झाला तरी कवच ज्या झाडावर बोंड लागले त्याचेच राहते. म्हणजे फांदीवरून तोडलेल्या बोंडातले बी त्या झाडाची ओळख सांगते. त्याच बियापासून उगवणारे रोप मात्र कोणते निघेल याची हमी ते देत नाही. बांधावरच्या ‘चांगल्या कॅमल’चे बी धरून घरी रोपे करणाऱ्यांची गफलत इथेच होते, चार वर्षांनी रांग विस्कळीत दिसते आणि दोष मातीला दिला जातो.

या दोघींचा संकर निसर्गातही होतो आणि भारतात तो मुद्दामही केला गेला आहे. मग टोपण मध्यम लांबीचे, बी गडद पिवळसर तपकिरी, दाते धड आहेत धड नाहीत, असे झाड भेटते. अशा झाडाला ओढूनताणून एका नावात बसवू नका. वहीत ‘टेरेटिकॉर्निस-कॅमाल्डुलेन्सिस मिश्र’ असे लिहा आणि टोपणाची सरासरी लांबी व बियाचा रंग सोबत टिपा. कर्नाटकातल्या जुन्या बियाच्या लागवडीत अशी झाडे भेटणे नवलाचे नाही.

फुटवा, गाठी आणि इतर फसगती

सर्वांत मोठी फसगत फुटव्याची. तोडलेल्या खोडक्याला आलेल्या कोंबांची पाने हाताला लागतात म्हणून लोक तीच तोडून आणतात. ती बालावस्थेची पाने. मोठ्या झाडाच्या पानांशी त्यांची तुलना करणे म्हणजे वासराची शिंगे बैलाशी मापणे. मात्र फुटव्याची तुलना फुटव्याशीच केली तर तिचा उपयोग होतो. कोंबावर खालून पाचव्या ते दहाव्या जोडीतले पान घ्या. टेरेटिकॉर्निसचे ते रुंद, जवळपास अंडाकृती. कॅमाल्डुलेन्सिसचे अधिक अरुंद, भाल्यासारखे, करड्या-निळसर झाकेचे. दोन फुटवे शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांत भरतो, एकटे पाहिले तर भरत नाही. सिट्रिओडोराच्या फुटव्याचे पान खरखरीत केसाळ, आणि कोवळ्या पानाचा देठ पानाच्या काठाला न लागता थोडा आतून, छत्रीच्या दांड्यासारखा जोडलेला. टोरेलियानाचेही साधारण तसेच, पण लिंबाचा वास नाही.

पाने वेडीवाकडी, शिरेवर आणि देठावर गुलाबी-हिरव्या गाठी असतील तर ती जातीची खूण नाही. लेप्टोसायब नावाच्या अगदी बारीक गांधीलमाशीचे ते काम. ती या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात आली. मादी कोवळ्या शिरेत अंडी घालते आणि गाठी फुगतात. कॅमाल्डुलेन्सिस आणि टेरेटिकॉर्निस दोघींवर ती येते, सिट्रिओडोरावर सहसा नाही. गाठीचे पान मोजमापासाठी घेऊ नका.

साल कधी सोललेली आहे यावरही रंग बदलतो. ताजी उघडी पडलेली साल मलईसारखी किंवा पिवळसर, पुढे करडी. शेजारची दोन झाडे एक पांढरे आणि एक करडे दिसली तर बहुतेक वेळा एकाने साल आधी टाकली एवढाच अर्थ. टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिस दोघीही पट्ट्यांनी साल टाकतात, दोघींच्याही बुंध्याशी थोडी जुनी खडबडीत साल राहू शकते.

आणि एक सोपी चूक: लांबून निलगिरी वाटलेले झाड अकेशिया निघते. खानापूर आणि हल्याळकडच्या लागवडींत दोन्ही शेजारी असतात. अकेशियाच्या ‘पानात’ बुडापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन-चार ठळक समांतर शिरा असतात, चुरगळले तर वास नाही, आणि झाडाला पिळलेल्या कर्णफुलासारख्या शेंगा लागतात. ते खरे पानही नव्हे, चपटा झालेला देठ आहे.

क्लोनची लागवड

ओळीतली सगळी झाडे एकाच जाडीची, एकाच उंचीची, फांद्या एकाच कोनात, साल एकाच रंगाची, अगदी कवायतीला उभी केल्यासारखी असतील तर तो क्लोन. बियाच्या लागवडीत असा सारखेपणा येत नाही. क्लोनला 413, 7, 10 असे नंबर असतात आणि नंबर ओळखायला कुठलीही कळी पुरेशी नाही. रोपांची पावती किंवा लागवडीची नोंद हाच पुरावा. कळीवरून फार तर ‘टेरेटिकॉर्निसकडे झुकणारा’ किंवा ‘कॅमाल्डुलेन्सिसकडे झुकणारा’ एवढे म्हणता येते. व्यापारी खोडावर थाप मारून नंबर सांगत असेल तर तो भाव पाडतोय असे समजायला हरकत नाही.

नवीन रोपे घेताना मात्र क्लोन आणि बियाचे रोप वेगळे ओळखता येते. छाटापासून वाढवलेल्या रोपात मातीशी छाटाचा जुना जाड तुकडा दिसतो आणि नवा कोंब त्याच्या बाजूने, पानाच्या बगलेतून, थोडा तिरका निघालेला असतो. बियाचे रोप मुळापासून सरळ वर येते. लहान रोपाला खाली दोन बीजपत्रे किंवा त्यांच्या खुणा असतात. बियाच्या रोपांना क्लोनची किंमत लावली जाते, म्हणून पाचशे रोपांतली दहा तरी पिशवीतून काढून पाहा. बीजपत्रांवरून गटही कळतो: टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिसची टोकाला खाच पडून दुभंगलेली, सिट्रिओडोराची अख्खी, मूत्रपिंडाच्या आकाराची.

तुमच्या चाळीस झाडांचे काय करायचे

सगळी चाळीस झाडे एकाच खोलीने तपासायची गरज नाही. पहिल्या फेरीत फक्त वास, साल आणि पानाची खालची बाजू; लिंबाची दोन बाजूला पडतील, ग्रँडिस असेल तर तीही. उरलेल्यांचे टोपण पाहा. घुमट-चोचीची वेगळी करा. लांब शिंगाच्या आणि मधल्या मापाच्या झाडांचेच बी काढा. एका माणसाला आकडीसह दोन सकाळी पुरतात, मग उन्हात पाकिटे ठेवण्याचे दिवस.

लिंबाची दोन तोडण्याआधी विचार करा. तिचे लाकूड जड आणि टणक, बल्ल्यांना आणि अवजारांच्या दांड्यांना चांगले. कागदाच्या लगद्याच्या लाकडात टनावर घालवणे नुकसानीचे. पाने हवी असतील तर ऊर्ध्वपातन करणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा की हे सिट्रोनेलालचे तेल आहे, सर्दीच्या औषधाचे नव्हे. दोघांचे खरेदीदार वेगळे असतात.

तोडल्यावर पुन्हा लावायचे असेल तर जात निवडताना जागा बघा. बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबीकडे पाऊस काही हजार मिलिमीटर, पूर्वेला अथणीकडे पाचशे-सहाशेच्या घरात. ओघळाच्या कडेची, पावसाळ्यात पाणी साचणारी जागा असेल तर सिट्रिओडोरा तिथे पिवळी पडून मरते. कॅमाल्डुलेन्सिस मूळची नदीकाठची, ती थोडे दिवस पाणी सोसते. कृष्णाकाठच्या रायबाग-अथणीकडे जास्त पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनीतही तीच तग धरते. पण गाठींच्या माशीचा त्रास तिला जास्त, म्हणून पहिल्या दोन वर्षांत कोवळे शेंडे दर महिन्याला पाहावेत. खानापूरच्या निचऱ्याच्या तांबड्या मातीत टेरेटिकॉर्निस चालते. शेजाऱ्याच्या पिकाशी वाद नको असेल तर बांधाच्या कडेला चर काढून मुळे तोडण्याची सोय लावणीच्या वेळीच करून ठेवा. आणि या वेळी प्रत्येक ओळीच्या टोकाला जात, रोपाची पावती आणि लावणीची तारीख वहीत लिहा. पुढच्या तोडीला भिंग काढावे लागणार नाही.